बिनधुराच्या चुली

चौथी शिकलेल्या बाईचं कोण खरं मानतं? आमच्या सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या मराठी मंडळानं नेपाळच्या एका डोंगरी गावाला बिनधुराच्या चुली द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, "तिथंही आमच्या गावासारखीच बियाण्याची कणसं चुलीवर टांगतात. धूर असतो म्हणून कीड लागत नाही."

मंडळाचे परांजपे, वन-नॉर्थच्या टेक-पार्कात इंजिनिअर, हसले. "वहिनी, त्या धुरानं बायका खोकतात."

"मीही खोकलेय. चुली द्याच, पण आधी बियाण्याला पत्र्याची कोठी द्या."

"कोठीचं पुढच्या वर्षी बघू."

नुसत्या चुलीच गेल्या. पेरणीच्या तोंडावर गावाचा निरोप आला. सगळं बियाणं किडलं, पेरायला दाणा नाही.

बैठकीत कुणीतरी विचारलं, चुलीबद्दल सल्ला कुणाचा होता? मंडळात चुलीवर रांधलेली मी एकटीच. परांजप्यांनी मान खाली घालून अहवालात माझं नाव लिहिलं, सल्लागार: शेवंता पवार.