परसदार नेल्याबाबत, चोरल्याबाबत नव्हे

नाव दयाराम महादेव गुरव, वय ६६ वर्षे, धंदा पूर्वी प्राथमिक शिक्षक, हल्ली निवृत्त, राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. आज तारीख २० मार्च १९६३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास कोणी न बोलावता ठाण्यात येऊन हा पुरवणी जबाब देतो की,

माझ्या घराचे परसदार उघडताना आधी बारीक किरकिरत असे आणि पुरते उघडले की 'हूं' असा हुंकार देत असे. हा आवाज मी सन १९२४ पासून ऐकत आलो. माझी पत्नी सत्यवती पहाटे विहिरीवर जाताना तो एकदा होई, घागर घेऊन परतताना दुसऱ्यांदा. बिजागऱ्यांना तेल घाला, असे ती म्हणत असे. ते राहून गेले. ती चार वर्षांपूर्वी वारली. त्यानंतरही मी तेल घातलेले नाही. हा मजकूर गुन्ह्याशी संबंधित नाही, सबब गाळावा, असे हवालदार बाळाजी माने यांचे म्हणणे पडले. मुद्देमालाची ओळख पटविण्यास तो लागेल, असे मी म्हटल्यावरून लिहिला आहे.

होळीच्या दिवशी दिवेलागणीपूर्वी मी ओटीवर झोपाळ्यावर बसून होतो. चहा करावा म्हणून आत गेलो तो परसदार चौकटीत नव्हते. चुलीपासून थेट विहीर दिसत होती. मी तसाच अनवाणी ठाण्यात आलो व चोरीची फिर्याद दिली. हवालदारांनी लगोलग सायकलवरून जाऊन होळीच्या माळावरून, ती पेटण्यापूर्वी, दार जप्त केले आणि रघू कोंडाजी म्हात्रे, वय २३, यास अटक केली. राहत्या घरातील चोरी म्हणून कलम ३८० लावले. रघू त्या वेळी म्हणाला, "मास्तरच बोलले, घेऊन जा." हवालदारांनी मला विचारले. मी असे बोललो नाही, असे मी सांगितले व तसा जबाब दिला. तो मी खरा समजून दिला.

आमच्याकडे होळीसाठी मोडके गाडे, कुंपणाच्या काठ्या न विचारता उचलतात, त्यास कोणी चोरी म्हणत नाही. राहत्या घराच्या दाराला हात लावायचा तर मालकाला हाक देऊन त्याचा होकार घ्यावा लागतो. हवालदार माणदेशातून बदलून येऊन दोनच महिने झाले, त्यांना हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

काल दुपारी रघूची आई आवडाबाई परसातून सरळ माझ्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. दार नसल्याने ती आल्याचे मला कळले नाही. ती म्हणाली, "मास्तर, तुमीच बोललाव ना, घेऊन जा सारे? मंग पोरगा चोर कसा झाला?"

'सारे' हा शब्द ऐकून मी खाली बसलो.

सन १९४८ साली चौथीच्या वर्गासाठी मी 'खाऱ्या वाऱ्यास' ही कविता रचली. तिचे ध्रुपद असे:

घेउनि जा रे, खाऱ्या वाऱ्या, घेउनि जा सारे.

ती मी झोपाळ्यावर मोठ्याने म्हणतो. रघूने परसातून "मास्तर, दार होळीला नेऊ का?" अशी हाक दिली असता मी ध्रुपदाशी आलो असलो पाहिजे. ही कविता रघूच्या वर्गापर्यंत मी शिकविली. ओळ कवितेची असल्याचे त्याला कळायला हवे होते. परंतु पाठांतरात तो कच्चा होता, याचा दाखला शाळेच्या दप्तरी मिळेल. तो जामिनावर सुटून घरी आहे. आज सकाळी येथे येण्यापूर्वी मी त्यास जाब विचारला. तो म्हणाला, "सारं कुठं नेलं मास्तर? दारच नेलं."

हवालदार या ठिकाणी हसले. नंतर म्हणाले, "मास्तर, हितं जबाब लिवत्यात, कविता न्हाई."

रघूची बंदर खात्यात खलाशी म्हणून निवड झाली आहे. पोलिसांकडून चालचलणुकीचा दाखला गेल्याशिवाय त्यास रुजू करून घेणार नाहीत. त्याच्या वकिलांनी सल्ला दिला आहे की, गुन्हा कबूल कर, पहिलीच वेळ आहे, साहेब समज देऊन सोडतील, संध्याकाळच्या एस.टी.ने घरी येशील. वकील खोटे सांगत नाहीत. पंच म्हणून मी अलिबागच्या कोर्टात नऊ वेळा गेलो आहे. चोरीचे खटले बहुधा असेच मिटतात. कबूल न करणाऱ्यास तारखा पडतात, आणि साक्षीदार म्हातारे होऊन काय पाहिले ते विसरतात. एका कोंबड्याच्या खटल्यात निकालापर्यंत फक्त आरोपी हयात होता. पण कबूल करून घरी आलेल्या माणसाच्या नावापुढे 'चोर' ही अक्षरे राहतात. ती पुसण्याची पाटी माझ्या पाहण्यात नाही.

सबब मी हवालदारांस विचारले की, कोर्टात न जाता हे मिटते काय. ते म्हणाले की, फिर्याद खरी पण चोर सापडला नाही तर 'अ' समरी, फिर्याद मुद्दाम खोटी दिली तर 'ब', आणि गैरसमजाने दिली तर 'क'. 'ब' झाल्यास खटला माझ्यावर होईल, हेही त्यांनी समजावले. मी चाळीस वर्षे पोरांना अ, ब, क शिकविले, त्यात 'ब'ला घाबरण्यासारखे काही आढळले नाही. तथापि माझी फिर्याद 'क' मध्ये घालावी. ती रागाने व गैरसमजाने दिली. दार मी दिले होते. देताना माझे लक्ष नव्हते. यावर हवालदार म्हणाले, "सही झाली की 'क' म्हणून वर धाडतो. सही नसंल तर माझ्या हातात कायबी न्हाई."

सदर दार आज ठाण्यात हवालदारांच्या पाठीशी भिंतीला टेकवलेले मी पाहिले. ज्या खिळ्याला विहिरीचा दोर असे, त्याला त्यांची टोपी आहे. दार माझेच आहे. येथे ते काही बोलत नाही. परत मिळाल्यावर ते बसवून देण्याचे रघूने कबूल केले आहे. त्याने बिजागऱ्यांना तेल घालू नये, अशी माझी अट आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका मी दुरुस्त केल्या. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम उतरले आहे.

टाक शाईत बुडवला असता ठाण्याच्या दारात खाकी पिशवी घेतलेले एक अनोळखी गृहस्थ आले. बंदर खात्यातून आलो, असे त्यांनी सांगितले व विचारले, "रघू कोंडाजी म्हात्रे. याच्या नावावर इथे काही आहे का?"

हवालदारांनी खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर घातली. म्हणाले, "बसा साहेब, सांगतो." मग कागद माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाले, "मास्तर, सही करा आदी."