आकाशातल्या जावयाचा चहा

...आणि वर मलाच म्हणतात, म्हातारीनं स्वतःच्या लेकीची मालिका बुडवायला घेतली होती. मी? थांबा, बसा, पहिल्यापासून सांगते, म्हणजे कोणी काय केलं ते तुमचं तुम्हाला कळेल. तर एक होती आई, तिला एक लेक, एक सून आणि एक आकाशातून पडलेला जावई. आई म्हणजे मी, कुलाश. लेक रौशन, आपल्या पोरीला घेऊन अल्माटी शहरात भाड्याच्या खोलीत राहते आणि टीव्हीसाठी मालिका लिहिते. सून अक्बोता, माझ्याच घरात राहते आणि माझं सोडून सगळ्यांचं ऐकते. जावई मात्र खरा नाही, रौशननं लिहिलेला आहे, तेमिर्लान नाव त्याचं. लेकीच्या डोक्यातून निघाला म्हणजे खरं तर नातू व्हायला हवा, पण चांगली दाढीबिढी आहे, नातू कसं म्हणू? म्हणून जावई.

चार वर्षं लिहीत होती पोरगी. शाळेतली नोकरी सोडली, नवऱ्यानं हिला सोडलं, आणि शेवटी एका चॅनेलनं मालिका घेतली, पण कशी घेतली? आधी आठ भाग दाखवू, लोकांनी बघितले तर पुढं, नाही तर राम राम. म्हणजे बघा, आठ भागांवर पोरीचं सगळं टांगलेलं, आणि ते आठ भाग लिहिताना मला विचारलं कोणी?

पहिल्या भागात हा जावई अंतराळातून परत येतो. ते गोल डबडं असतं ना, जळून काळं झालेलं, छत्रीला लटकत आमच्यासारख्याच माळावर येऊन आदळतं. त्याचं मला काही नवल नाही, आमच्या डोक्यावरून रॉकेटं जातात, आकाशातून कायम काहीतरी पडत असतं, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्परच रॉकेटच्या पत्र्याचं आहे. पण वर गेले होते तिघं आणि डबड्यातून निघाला हा एकटा. आणि हसत निघाला. बाकीचे दोघं कुठं म्हणून विचारलं तर पापणी न हलवता म्हणतो, "ते येतील." असं, अगदी हळू... "ते येतील." माझ्या हातातली लोकर गळून पडली. आणि तो घोडे राखणारा, जो सगळ्यात आधी तिथं पोचतो, तो काय करतो? अंगातला कोट काढून देतो आणि गप्प बसतो. अरे बाबा, माळावर परका माणूस भेटला तर आधी काय विचारतात? तू कोणाचा, कुळ कुठलं, सात पिढ्यांची नावं सांग. आमचं शेंबडं पोरसुद्धा घडाघडा सांगतं. तिथंच सापडला असता, पहिल्याच भागात, आणि सगळे सुखानं झोपलो असतो. पण मला विचारलं कोणी?

दुसऱ्या भागात घरी येतो. बायको झिबेक, गोड पोरगी, जरा वाळकी आहे, पण डोळ्यांनी बोलते. तर कुत्रं याच्यावर भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, नुसतं भिंतीला पाठ लावून बसतं आणि पाणीसुद्धा पीत नाही. तिसऱ्या भागात सगळे जेवायला बसलेत, परत न आलेल्या दोघांपैकी एकाची विधवा पण आलीय, आणि हा खोकतो. नुसता खोकतो हो. आणि त्या विधवेच्या हातातला घास तसाच राहतो, कारण तो खोकला याचा नाही, तिच्या नवऱ्याचा आहे. हुबेहूब. संपला भाग! तिथंच! मी दुसऱ्या दिवशी कोळसा आणायला एकटी गेले नाही, अक्बोताला म्हटलं चल, मला सोबत नको आहे, तुलाच भीती वाटत असेल.

आता ही अक्बोता. मी टीव्हीसमोर बसून काय बोलते ते ही फोनवर रेकॉर्ड करते, आणि कुठं पाठवते तर आपल्या नातेवाइकांत. ते आणखी त्यांच्या नातेवाइकांत. मला वाटलं, असेल दहा-बारा माणसं. ते मला काय माहीत की करागांडीपासून चिमकेंतपर्यंत लोक मालिका बघून झाली की माझं बोलणं ऐकायला थांबतात? मला विचारलं कोणी?

आणि आला चौथा भाग. झिबेक समोवारापाशी, म्हणजे चहाच्या बंबापाशी बसलीय, चहा ओततेय, समोर हा. आता चहा ओतायचा म्हणजे कसा? आमच्याकडे चहा वाटीतून पितात, तर वाटीच्या तळाशी थोडासा. संपला की पुन्हा थोडासा. जितका कमी तितका मान, म्हणजे बसा, घाई नाही, मी आहे ओतायला. आणि काठोकाठ भरून दिला तर? तर उठा, निघा, आमची कामं खोळंबलीत. हे आमच्याकडे तोंडानं कोणी म्हणत नाही, वाटी म्हणते. आणि ही झिबेक काय करते? काठोकाठ! आकाशातून जीव वाचवून आलेल्या नवऱ्याला! मी अशी भडकले, अशी भडकले की बोलतच सुटले. म्हटलं, कुठल्या घरची रीत ही, दारात आलेल्या भिकाऱ्याला कोणी असा चहा देत नाही, आणि लिहिणारीला आईनं काही शिकवलं होतं की नाही? आता लिहिणारीची आई मीच, हे रागात राहून गेलं. पुढं त्या जावयानं काय केलं, कोणी बघितलंय? मी बोलत होते ना.

दुसऱ्या दिवशी गाव पेटलं. मग जिल्हा पेटला. जो तो चॅनेलला फोन करतोय, आमच्या रीतीची थट्टा चालवलीय, बंद करा. आणि पुरावा म्हणून काय ऐकवतायत? माझा आवाज.

रौशनचा फोन आला. रडत असती तर बरं झालं असतं, रडत नव्हती. 

"आई, शुक्रवारी पाचवा भाग आहे. दाखवायचा की नाही ते साहेब लोक दुपारी ठरवणार आहेत."

मी म्हटलं, "तू कशाला भरलीस ग ती वाटी?"

"पुढचा भाग बघ, कळेल."

"दाखवलाच नाही तर कुठून बघू?"

"सांगता येत नाही, आई. कोणालाच सांगायचं नाही असं लिहून दिलंय." आणि लगेच पुढं म्हणाली, "बंद झालं तर पोरीला घेऊन तिकडेच येते. तुझ्याकडे जागा आहे ना?"

जागा आहे ना म्हणे. आईला विचारतेय. परत येणं म्हणजे काय, मला माहीत आहे. अख्खं गाव दारात उभं राहून म्हणणार, बघा, नवरा गेला, नोकरी गेली, मालिका पण गेली.

गुरुवारी दोसान आजोबा आले. शेजारी आमचे, वयानं गावात सगळ्यात मोठे, त्यांना नाही कोण म्हणणार? वरच्या मानाच्या जागी बसले, बौरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, तोंडात टाकले आणि सुरू. 

"शहरात राहून पोरी वाया जातात, कुलाश. आज वाटी भरली, उद्या भाकरी उलटी ठेवेल. जिला घर राखता आलं नाही, ती लोकांच्या घरातलं काय लिहिणार?" 

मी त्यांच्यापुढं बौरसाक सरकवत राहिले. निम्मं तर मीच बोलून बसले होते. आणि अक्बोता समोवारापाशी. चहा थोडा, पुन्हा थोडा, पुन्हा थोडा... नणंदेला नावं ठेवणं चाललंय आणि ही शांत. मनात म्हटलं, सून कसली, दगड आहे.

मग तिनं वाटी त्यांच्यापुढं सरकवली. 

काठोकाठ.

दोसान आजोबांचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. वाटीकडे बघितलं, अक्बोताकडे बघितलं. ज्यांना उठताना दोन माणसं लागतात, ते आपले आपण उठले, टोपी घातली आणि गेले. वाटीला बोटसुद्धा लावलं नाही.

मी अक्बोताला झापणार होते. तोंड उघडलं होतं. आणि तेवढ्यात मला चौथा भाग आठवला.

त्यात तो तेमिर्लान उठल्याचं दिसलंच नव्हतं.

"अग," मी म्हटलं, "जावयानं काय केलं त्या चहाचं?" 

अक्बोता म्हणाली, "कुठला जावई?" 

"टीव्हीतला. चौथ्या भागातला." 

"प्यायला की, आई. गटागटा. आणि हसून म्हणाला, अजून."

कळतंय का तुम्हाला? अजून! आमच्यातला कोणी, कितीही भुकेला, कितीही अडाणी, आभाळातून पडून डोक्याला मार लागलेला असला तरी ती वाटी बघून उठला असता. दोसान आजोबांचा दुखरा गुडघासुद्धा उठला, हा उठला नाही. याला नवऱ्याचा चेहरा आला, दुसऱ्याचा खोकला आला, पण वाटी वाचता आली नाही. आणि झिबेकनं ते बघितलं. सगळं कळूनही ती बाई समोवारापाशी तशीच बसून राहिली, हसत, आणि त्याला दुसरी वाटी भरून दिली. मी चार वाजता, भर उन्हात, घराची कडी लावून घेतली.

मग म्हटलं, आण तो फोन. आणि बोलले. माफीबिफी नाही, माफी कशाची? मी म्हटलं होतं, असं कोणी करत नाही. बरोबरच आहे, असं कोणी करत नाही, म्हणून तर तिनं केलं! म्हटलं, फोन करणाऱ्यांनो, चौथा भाग पुन्हा बघा, आणि या वेळी बाईच्या हाताकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघा. आणि मग रात्री दिवा मालवून दाखवा.

संध्याकाळी रौशनचा फोन. 

"आई, तू पाचव्या भागातलं सगळं फोडलंस." 

"मग? तू गप्प, मी गप्प, आणि मालिका बंद, हे बरं झालं असतं?" 

"साहेब लोक चिडलेत." 

"दाखवणार आहेत का?" 

"सांगत नाहीत."

शुक्रवारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रौशनचा फोन लागत नव्हता. अर्धं गाव जमिनीवर बसलेलं, दोसान आजोबा पण दाराशी, टोपी न काढता. टीव्हीवर बातम्या झाल्या. हवामान झालं. मग पिठाची जाहिरात, मग गालिच्यांची, मग पुन्हा पिठाची... आणि मग दोन तारांचा डोंबरा हातात घेऊन एक गाणारा बाप्या आला. अक्बोतानं माझा हात धरला. गाणारा वाजवतोय, वाजवतोय, आणि मी मनात त्याला जे काही म्हटलं ते त्याच्या सात पिढ्यांना पोचलं असेल. मग तो गेला, पडदा काळा झाला, आणि काळ्यातून तो खोकला ऐकू आला. 

दाखवला! आठही दाखवले. लोक चौथा भाग पुन्हा पुन्हा बघायला लागले, प्रत्येकाच्या घरात एक तरी म्हातारी निघालीच जिला वाटी आधीच कळली होती, आणि चॅनेलनं पुढचे वीस भाग मागितले. रौशनला आता आगाऊ पैसे मिळालेत, स्वतःचं घर घेतलंय अल्माटीला, पोरीला वेगळी खोली आहे. घराण्याचं नशीब उघडलं म्हणून सगळे मला मिठ्या मारतात. मी पण हात पसरून आशीर्वाद दिला, मनापासून दिला.

फक्त ते वीस भाग खऱ्या माळावर करायचे ठरलेत, म्हणजे आमच्याच गावात. मालिकेची पन्नास माणसं माझ्याकडे जेवतात, ते जळकं डबडं थंडीत तडकतं म्हणून माझ्या गोठ्यात ठेवलंय, आणि गाय... गाय आता माझ्या खोलीत झोपते.