तबिथाची कोण लागते?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही दम घ्या. आजच्या कीर्तनात एकच गोष्ट विचारतो. वाईट माणूस न्याय अडवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण चांगली माणसं न्याय अडवतात, तेव्हा काय करतात? आरडाओरडा? छे! चांगली माणसं प्रार्थना करतात. हसू नका. ऐका.

कोळपिंपरी नावाचं तालुक्याचं गाव. तिथली ख्रिस्ती मंडळी तुमच्या या चर्चच्या मंडळीसारखीच — भली, जागी, पुढच्या विचारांची. सफाई कामगारांचा पगार थकला, तेव्हा हीच माणसं त्यांच्यासोबत नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उन्हात बसली. नवऱ्यानं हाकललेल्या बाया चर्चच्या खोलीत निजल्या. कुणी जात विचारली नाही.

पण त्यांची एक रीत होती. मतदान करायचं नाही, सगळं एकमतानं ठरवायचं. एक जरी म्हणाला "थांबा", की सगळे थांबायचे. चर्चच्या भिंतीला रंग कोणता द्यायचा यावर एकमत होईपर्यंत गिलावाच गळून पडला म्हणतात!

त्या मंडळीत दोघी होत्या. सगुणाबाई शिवणकाम करायची, तबिथाबाई बालवाडी चालवायची. तरुणपणी एका खोलीत राहायला आल्या, त्या केस पांढरे झाले तरी एकाच चुलीवर जेवत होत्या. लोक म्हणत, मैत्रिणी आहेत. त्या काही बोलत नसत. मग एकदा तबिथा म्हणाली, "सगुणे, आपण काय चोरी केलीय? मंडळीसमोर उभं राहू, देवाला साक्ष ठेवून एकमेकींना शब्द देऊ. लग्नच की ते."

"या वयात? लोक हसतील गं."

"हसू देत. मी नवी साडी घेणार."

चर्चच्या पंचांच्या बैठकीत विषय निघाला. खरं सांगतो, कुणी नाक मुरडलं नाही. थोरले पंच शिमोनराव आढाव एवढंच म्हणाले, "माझा विरोध नाही. पण घाई नको. अजून थोडी प्रार्थना करू." आता प्रार्थनेला नको कोण म्हणणार? पुढच्या बैठकीत तेच. त्याच्या पुढच्या बैठकीतही तेच. रस्त्यात भेटले की पंच म्हणायचे, "आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत हं, बाई." सगुणाबाई मान डोलवायची. घरी येऊन तबिथाला सांगायची, "सगळे आपल्या बाजूचे आहेत." तबिथा विचारायची, "मग अडलंय कुणाकडं?"

एका दुपारी मुलांना गाणं शिकवताना तबिथा कोसळली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्यात रक्त साकळलेलं. लगेच ऑपरेशन हवं, सहीला माणूस हवं.

डॉक्टरनं विचारलं, "मावशी, पेशंटच्या तुम्ही कोण लागता?"

"आम्ही एकत्र राहतो."

"ते ठीक. नातं काय?"

काय सांगणार सगुणाबाई? बहीण म्हणाली असती तर खपलं असतं. पण त्या बाईला खोटं बोलता येईना.

डॉक्टर म्हणाला, "रक्ताचं माणूस बोलवा. नाहीतर कुणी जबाबदार माणूस येऊन तुमचं नातं सांगू दे, मी बघतो काय करता येतं ते."

तिनं चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला. "साहेब, याल का? मी तिची कोण, एवढंच सांगायचंय."

मग पाळक म्हणाले, "बाई, मंडळीनं अजून ठरवलं नाही. मी एकट्यानं कसं सांगू?"

मंडळी, तो माणूस दुष्ट नव्हता. फोन ठेवून तो गुडघे टेकून रडला. पण गाडी काढून गेला नाही.

तबिथाचा भाऊ याकोब सुरतेहून सकाळी पोचला. सही झाली, पण उशीर झाला होता. सगुणाबाई रात्रभर दाराबाहेरच्या बाकावर होती. आत सोडत होते फक्त नातेवाइकांना.

दफनाला सगळी कोळपिंपरी लोटली. पहिली मूठमाती जवळच्या माणसाची, म्हणून याकोबानं दिली. मग रांग लागली. सगुणाबाई बायकांच्या मागं, शेवटी. शिमोनरावांनी पाहिलं. रांग सोडून म्हातारा तिच्यापाशी आला, हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही पुढं व्हा."

सगुणाबाईनं विचारलं, "कोण म्हणून, दादा?"

शिमोनराव रांगेत तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

त्याच संध्याकाळी पंच बसले. चहा यायच्या आत एकमत झालं! कोणत्याही दोन माणसांची गाठ ही मंडळी देवासमोर बांधील, असं ठरलं. सगळे मिळून सांगायला गेले. सगुणाबाई मशीनवर बसली होती. ऐकून म्हणाली, "चांगलं झालं. पुढच्या कुणाला उपयोगी पडेल." आणि पायडल मारू लागली. ती पुन्हा चर्चमध्ये आली नाही.

आता माझ्याकडं बघा. मागं वळू नका. तुमच्याही मंडळीतल्या दोन मुलांनी हेच मागितलंय, ती इथंच बसलीत, आणि तुमचे पंच गेलं वर्षभर फार मनापासून प्रार्थना करताहेत.

तर पंचांनो, कीर्तनाच्या शेवटी प्रार्थना असते. आज ती मी करणार नाही. आतल्या खोलीत जाऊन बसा, ठरवा, आणि त्या दोघांच्या तोंडावर सांगा. तोवर आम्ही कुणी घरी जात नाही.

उठा.