चारशे जणांची साखर

...नाही, पण मी म्हणतो, चारशे माणसं माझ्याच मागे कशाला? तुम्हाला सांगतो, आमच्या विश्रांतवाडीत मधुमेह किती जणांना आहे याची पाहणी निघाली, सगळ्यांना तपासणं शक्य नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी थोडीच माणसं निवडली, आणि त्यात नेमका मी. कल्याणी नावाची मुलगी घरी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही एकटे नाही. तुमच्यामागे आम्ही चारशे जण धरलेत. तुमचं जे निघेल तेच त्यांचं." सोमवारी रक्त घेते म्हणाली आणि गेली. ती गेली हो, चारशे जण राहिले ना घरात.

आमच्या हिराने आधी माझ्यापुढची जिलबीची बशी उचलली. "अहो, एका जिलबीपायी चारशे माणसं आजारी पाडाल." म्हटलं, बरं, अर्धी? "अर्धी म्हणजे दोनशे."

समोरचे हिंमतराव तर रुसलेच. "बाबुराव, साखरेचा माझा दहा वर्षांचा अनुभव, आणि निवड तुमची? मी बसतो तुमच्याऐवजी." मला काय, पटलंच. फोन केला. कल्याणी म्हणते, "काका, बदली चालत नाही. आजारी माणूस मुद्दाम बसवला तर सगळी विश्रांतवाडी आजारी दिसेल." हिंमतराव म्हणाले, "दिसू दे की. आहेच."

मग काय, आठवडाभर कारलं, पहाटेचं चालणं, बिनसाखरेचा चहा. डोळ्याला डोळा नाही. वडील माझे साखरेनंच गेले, पायाच्या जखमेपासून सुरुवात झाली होती, तेव्हापासून मी तपासणीच्या वाटेला गेलेलो नाही. आणि आता जायचं तर एकट्यानं नाही, मागे चारशे जण. मी कूस बदलली की वाटायचं, तेही बदलतायत.

सोमवारी रक्त दिलं. सुई काढल्यावर ही मुलगी सांगते, "यात तीन महिन्यांची सरासरी दिसते, काका." म्हणजे माझं कारलं?... "कारलं चांगलंच असतं हो."

परवा निकाल आला. आहे. मधुमेह आहे मला. हिरा शेजारी येऊन बसली. मीच फोन उचलला, कल्याणीला म्हटलं, बाई, त्या चारशे जणांना कळवलंत का? त्यांनाही निघाला असेल ना?

"छे हो काका, ते फक्त हिशोबातले. गोळी तुम्हालाच."

घ्या. म्हणजे साखर चारशे जणांची, आणि पथ्य माझ्या एकट्याचं.