स्क्रीनवरचं सगळं उलटं

लेण्याद्रीला अनवाणी चढून येईन, असा नवस मी एकदा कॉम्प्युटरपायी बोलले होते बघा. लेकीची ऑनलाइन परीक्षा, म्हणून सकाळी कॉम्प्युटरची पूजा केली, कीबोर्डवर नारळ ठेवला, अन् स्क्रीनवरचं सगळं उलटं! अक्षरं डोक्यावर उभी. मी घाबरून नवस बोलले. आमच्या यांनी मॉनिटरच उचलून उलटा धरला.

"पोरी, दे तू परीक्षा, मी धरतो असाच!"

लेकीनं नारळ उचलला, बटणं दाबली.

"बाबा, आता सरळ धरा! आई, नारळानं बटणं दाबली गेली व्हती."

असंल बाई. पण ते तिला सुचवलं कुणी? नवस मी फेडला. तुमीही अडल्यावर नवस बोला. फक्त नारळ जरा बाजूला ठेवा.