रूळवाल्यांचा सिनेमा

रेल्वे खासगी कंपनीकडे गेल्यावर रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांचं काय होतं, याचा तो सिनेमा होता. सुटल्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे अचानक एकमेकांसमोर आले.

“तूही आला होतास?”

“आपलाच सिनेमा म्हटल्यावर येणारच. काम बरोबर दाखवलंय. त्या नटाला पहार धरायला कुणीतरी नीट शिकवलंय.”

“पण टोळीत केवढी मारामारी दाखवली! आपल्यात कुठे झाली?”

“आपण नुसतं बोलणं टाकलं.”

“तू टाकलंस.”

“मग काय करू? कंपनीच्या नव्या अटींच्या कागदावर कुणीच सही करायची नाही, असं ठरलं होतं. तू गुपचूप केलीस.”

“बायको अंथरुणाला खिळली होती रे.”

“मला सांगितलं असतंस, तर मीच म्हणालो असतो, कर सही.”

“हं.”

“आणि सिनेमात शेवटी तो नट दोस्ताच्या घरी माफी मागायला जातो, ते काही पटलं नाही. असं कुणी येतं का?”

“मी आलो होतो. दारात वहिनी कपडे वाळत घालत होत्या. तसाच मागे फिरलो.”

“तिने पाहिलं होतं तुला. तू येतोयस म्हणून लगेच चहा टाकला.”

“मग?”

“मग काय! दोन्ही कप मलाच प्यावे लागले.”