जिल्ह्याची मागणी

बसलिंगप्पा: तू येशील असं वाटलं न्हवतं, उमा. दहा वर्सं झाली.

उमादेवी: कंधारला पेपरात वाचलं, उद्या लातूर जिल्हा होणार. मागणी लावून धरणारे माजी आमदार निलंग्यात एकटेच राहतात, असंबी लिहिलं होतं. हे म्हणाले, बापाला भेटून ये.

बसलिंगप्पा: एकटाच हाय. निवडणूक हरलो, तशी माणसं यायची थांबली. कधी कधी दोन-दोन दिस तोंडातून शब्द निघत न्हाई.

उमादेवी: कापडाचं दुकान तरी ठेवायचं, अप्पा.

बसलिंगप्पा: ते निजामाच्या काळातच गेलं. गठ्ठ्यात तिरंगी झेंडे सापडले, मला जेलात टाकलं, दुकानाला सील लागलं. सुटून आलो तर लोकांनी खांद्यावर घेतलं. म्हणाले, आता आमच्या वतीनं तुमीच बोला. मग बोलतच राहिलो.

उमादेवी: घरच्यांशी सोडून.

(बसलिंगप्पा पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवतात.)

उमादेवी: बहात्तरच्या दुष्काळात अव्वा खडीच्या कामावर बायकांना सुकडी वाटायची. तिथंच तिला हगवण लागली. मी मुंबईला तार केली. तुमचं उत्तर आलं, सोमवारी दुष्काळावर बोलायचंय, बोलून निघतो. ती शनवारीच गेली.

बसलिंगप्पा: सोमवारी बोललो. लई बाकं वाजली. खाली बसलो, तवा तुझी दुसरी तार हातात दिली कुणीतरी.

उमादेवी: अन् महिन्याच्या आत जिल्ह्याची मागणी घेऊन गावोगाव फिरू लागलात. मला वाटलं, बायको मेली तरी ह्या माणसाला राजकारणच सुचतंय. म्हणून आले न्हाई.

बसलिंगप्पा: जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो. इथून जिल्ह्याचं गाव, उस्मानाबाद, लई लांब पडतं. दुसरं कारण न्हवतं, उमा. सभेत कधी सांगता आलं न्हाई.

उमादेवी: मलाबी न्हाई सांगितलं.

बसलिंगप्पा: कोणत्या तोंडानं सांगायचं? दवाखान्यात नेताना जीपमधी तूच होतीस. मी विचारलंबी न्हाई कधी. शेवटी काही बोलली का ती?

उमादेवी: उस्मानाबाद किती लांब हाय, एवढंच विचारत होती. मी म्हणाले, आलंच.

बसलिंगप्पा: ती गेली तवा कुठवर आला होता तुमी?

उमादेवी: निम्म्या वाटेवरचं औसाबी आलं न्हवतं, अप्पा.